ताप लपवावा लागू नये

ऑगस्टचा पहिला आठवडा. बाहेर पावसाची झड लागलेली, पाणी आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद, साठ जणांच्या खोलीत ऐंशी जण दाटीवाटीने बसलेले, ओल्या रेनकोटांचा कुबट वास आणि मागच्या बाकांवरून थांबून थांबून येणारा खोकला. प्राध्यापक फळ्याकडून वळून विचारतात, ‘काय रे, बरं नाही का?’ मुलगा म्हणतो, ‘काही नाही सर, थोडं व्हायरल आहे.’ हे ‘थोडं व्हायरल’ आपल्याकडे इतके रुळले आहे, की त्यापुढे आणखी काही विचारायचे असते हेच कुणाच्या लक्षात येत नाही. तास पुढे सुरू होतो. त्या मुलाला सकाळी एकशे एक ताप होता, पॅरासिटामॉलच्या गोळीने तो चार-पाच तासांपुरता दबला आहे. तो आला आहे, कारण दुपारी प्रॅक्टिकल आहे आणि डिफॉल्टर यादीत नाव लागायला आता दोनच दांड्या उरल्या आहेत.

या मुलाला कुणी बेजबाबदार म्हणेल. आम्हाला तसे म्हणवत नाही. त्याने आपल्या परीने नीट हिशेब केला आहे. घरी राहिला तर नुकसान नक्की आणि त्याचे एकट्याचे. वर्गात आला तर नुकसान कदाचित आणि ते इतरांचे. असा हिशेब त्याच्यापुढे मांडला कुणी? कॉलेजातल्या फ्लूविषयी बोलायचे, तर सॅनिटायझरच्या बाटल्यांच्या आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

फ्लूची साथ म्हणजे काय हे पुण्याला तरी वेगळे सांगायला नको. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो याच शहरात, एका शाळकरी मुलीचा. पुढच्या काही दिवसांतले शहर ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, औषधांच्या दुकानांतून बघता बघता संपलेल्या मुखपट्ट्या, तोंडाला रुमाल किंवा ओढणी गुंडाळून फिरणारी माणसे, खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. शाळा-कॉलेजे आठवडाभर बंद झाली, चित्रपटगृहांना कुलपे लागली. परगावची मुले बॅगा भरून मिळेल त्या गाडीने घरी निघाली. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट २०१० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र कुठेही गेला नाही. आज आपण ज्याला नेहमीचा, हंगामी फ्लू म्हणतो, त्यात २००९ चा तोच एच१एन१ आहे. जोडीला एच३एन२ आणि बी प्रकार आहेत. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी जो रेंगाळणारा खोकला होता, त्यातला बराचसा एच३एन२ चा होता. पाहुणा म्हणून आलेला विषाणू घरचाच होऊन बसला, म्हणून आपले त्याच्याकडे लक्ष राहिले नाही, इतकेच.

तरुण पोरांना फ्लूने काय होते, असेही म्हटले जाते. बहुतेकांना आठवडाभरात बरे वाटते हे खरे. पण फ्लूचा इतिहास तरुणांना इतकी हमी देत नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि तिथून जी साथ देशभर गेली, तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यात सर्वांत मोठा घास होता वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांचा. २००९ मध्येही साठीच्या पुढच्या अनेकांच्या शरीरात जुन्या, मिळत्याजुळत्या विषाणूंची ओळख शिल्लक होती. ती नव्हती तरुणांकडे. शिवाय वर्गात सगळेच धडधाकट नसतात. कुणाला दमा असतो, कुणाला लहानपणापासूनचा मधुमेह. एखाद्या प्राध्यापिका गरोदर असतात. ग्रंथालयाच्या दारात बसणारे काका निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतात. वीस वर्षांच्या मुलाचा तीन दिवसांचा ताप यांच्यापैकी कुणापर्यंत पोचला, तर तो तीन दिवसांचा राहीलच असे नाही.

आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहा. अमेरिका-युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याच्या दोन लाटा असतात, मोठी पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी जानेवारी ते मार्च. कॉलेजचे वर्षही जणू याच लाटांवर बेतलेले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश उरकून जिल्ह्याजिल्ह्यांतली मुले पहिल्यांदाच एका छताखाली येतात. त्याच दिवसांत पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू असतात. बंद खोलीत वीस-पंचवीस जण रात्री उशिरापर्यंत घसा ताणून एकमेकांच्या तोंडावर संवाद म्हणत असतात, आणि अंक बसेपर्यंत कुणी आजारी पडायचे नाही असा दंडक असतो. ढोल-ताशा पथकांचे सराव, दहीहंडीचे थर, गणपती हे सगळे याच महिन्यांतले. दुसरी लाट येते तेव्हा गॅदरिंग आणि फिरोदिया करंडकाची धावपळ चालू असते, मागोमाग परीक्षा. यातले काही बंद करावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कॉलेज म्हणजे नुसती व्याख्याने नव्हेत. पण पावसाळ्यात डेंग्यूसाठी कुंड्यांतले पाणी ओतायची सवय शहराने लावून घेतली, तशी फ्लूच्या महिन्यांची जाग कॉलेजांना अजून आलेली नाही.

हा विषाणू पसरतो कसा ते नीट समजून घेतले, तर काय करायचे ते बरेचसे आपोआप कळते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. त्यातही पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. म्हणजे सगळी साथ अडवणे कुणालाच शक्य नाही, कारण आदल्या दिवशी त्या मुलालाही ठाऊक नसते. पण म्हणून हात टेकायचे कारण नाही. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना गोवर देतो. हंगामी फ्लूचा रुग्ण सरासरी सव्वा जणाला. चार रुग्णांमागे पाच नवे, असा हा व्यवहार आहे. वर्गांच्या आणि वसतिगृहांच्या दाटीत आकडा वाढतो, तरी तो गोवराच्या जवळपासही जात नाही. या पाचांतली एक लागण जरी टळली, तरी चारांमागे चारच उरतात आणि साथ फुगायची थांबते. थोडी आणखी टळली, की ती उतरणीला लागते. फ्लूच्या बाबतीत अर्धेमुर्धे उपायही कामाला येतात ते यामुळे. सगळ्यांनी सगळे काटेकोर पाळावे लागत नाही. पुरेशा जणांनी पुरेसे पाळले तरी भागते.

आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आहे तो ताप असलेल्या माणसाने ते तीन-चार दिवस वर्गापासून दूर राहण्याचा. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तिथल्या उच्च शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या, त्यातली मुख्य हीच होती: तापाचे औषध न घेता ताप उतरून पूर्ण चोवीस तास होईपर्यंत आजारी माणसाने खोलीतच राहावे. ‘औषध न घेता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गोळीने ताप दबतो, विषाणू दबत नाही. आपला मागच्या बाकावरचा मुलगा गोळी घेऊन बरा दिसतो, आणि बरा दिसतो म्हणूनच तो शेजाऱ्याला खेटून बसतो.

तो घरी का राहत नाही, याचे उत्तर हजेरीपटात आहे. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या अटीमागे चांगला हेतू आहे हे आम्हाला मान्य आहे. अट नसती तर कित्येक वर्ग ओस पडले असते, ही प्राध्यापकांची भीतीही खोटी नाही. कुणी म्हणेल, उरलेले पंचवीस टक्के आजारपणासाठीच आहेत की. कागदावर आहेत. प्रत्यक्षात ते उशिरा लागलेल्या प्रवेशयादीत, गावाकडच्या लग्नात, पावसात अडकलेल्या गाडीत आणि थोडे आळसात आधीच खर्च झालेले असतात. मग ताप येतो तेव्हा हातात काही उरत नाही. मेडिकल सर्टिफिकेट आणा, असे कार्यालय सांगते. आता ज्याला नुसता फ्लू झाला आहे, त्याला खरे तर डॉक्टरांपेक्षा अंथरुणाची गरज असते. पण एका कागदासाठी तो तापल्या अंगाने दवाखान्याच्या बाकावर तासभर बसतो. त्या बाकावर एखादी तान्ह्या बाळाची आई असते, एखादे दम्याचे आजोबा असतात. कागद मिळतो, तोवर फ्लूने आणखी दोन घरे गाठलेली असतात. आणि ज्याला दवाखान्याचे पैसे परवडत नाहीत, तो कागदाच्या नादाला न लागता सरळ वर्गात येतो.

लपवलेला आजार काय करतो, हे पुण्याने फार पूर्वी पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये घरात शिरून झडत्या घेण्याचा जो कारभार झाला, त्याच्या धास्तीने लोक रुग्णांना माळ्यावर आणि आतल्या खोल्यांत लपवू लागले. त्या जुलमाची आणि कॉलेजच्या हजेरीची तुलना करायची नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. पण साथीचा नियम दोन्हीकडे एकच आहे. आजार सांगितला की शिक्षा होते असे कळले, की माणूस तो सांगत नाही. आणि जो आजार कुणी सांगतच नाही, त्याच्याविरुद्ध कुठलीही यंत्रणा काही करू शकत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी खर्चाची नाहीच. प्रत्येक सत्रात तीन ते पाच दिवस विद्यार्थ्याने स्वतः कळवले की पुरे, कागद नको, अशी तापाची रजा असावी आणि ते दिवस हजेरीच्या हिशेबातूनच वगळावेत. चुकलेल्या प्रॅक्टिकलसाठी महिन्याच्या शेवटी एक जादा बॅच लावावी. टिपणे वर्गाच्या ग्रुपवर टाकायला तर आजकाल दोन मिनिटे लागतात. काही मुले याचा गैरफायदा घेतील? घेतील. सत्रात तीन दिवस खोटी रजा घेणारा मुलगा आणि खरा ताप घेऊन साठ जणांत बसणारा मुलगा, यांत कॉलेजला महाग कोण पडतो, याचा विचार प्राचार्यांनी करावा. ज्याला खोटेच बोलायचे आहे त्याला आजही शे-दोनशे रुपयांत सर्टिफिकेट मिळते. सध्याच्या नियमाने अडतो तो खरे बोलणारा.

हजेरीपटाच्या दुसऱ्या बाजूलाही पाहायला हवे. महाराष्ट्रातल्या असंख्य कॉलेजांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वाहतात. त्यांना पगार मिळतो तो घेतलेल्या तासांचा. ताप आला, तास बुडाला, तितके पैसे बुडाले. तेही वर्षभराचे नसतात, आणि वेळेवर मिळतील याची खात्री नसते. असा माणूस घसा बसलेला असताना चार तास घेतो आणि दिवसभरात अडीचशे-तीनशे विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. मेसमधला वाढपी, कंत्राटावरच्या सफाईच्या ताई, गेटवरचे रखवालदार यांचे तर रोजंदारीवर चालते. ‘आजारी असाल तर घरी थांबा’ ही पाटी त्यांच्यासाठी नसतेच. घरी थांबले तर संध्याकाळी चूल कशावर पेटायची? मेसच्या काउंटरवर पोळ्या देणारा हात खोकला दाबून काम करत असेल, तर विद्यार्थ्यांपुढे स्वच्छतेची भाषणे देऊन उपयोग नाही. फ्लूच्या महिन्यांत या मंडळींना तीन दिवसांची भरपगारी रजा देण्याचा खर्च कॉलेजने कंत्राटातच धरावा. कॉलेजच्या एकूण खर्चात तो फार मोठा होणार नाही.

आता खोलीकडे येऊ. कारण ‘घरी राहा’ म्हणताना परगावच्या मुलाला घर कुठे असते? पेठांत आणि उपनगरांत हजारो मुले कॉट बेसिसवर राहतात. दहा बाय बाराची खोली, भिंतींना लागून चार कॉट, मधे पाय ठेवायला जेमतेम जागा, खिडकीला दोरी बांधून वाळत टाकलेले कपडे. पावसाळ्यात ते वाळत नाहीत म्हणून खिडकी लावून पंखा पूर्ण वेगात. यातला एक जण तापाने फणफणला, की उरलेल्या तिघांनी जायचे कुठे? वेगळी खोली नाही हे गृहीत धरूनच इथले उपाय शोधायला हवेत, आणि ते आहेत. कपडे जिन्यात न्यावेत आणि खिडकी निदान वीतभर उघडी ठेवावी. वारे खेळते राहिले की हवेतला विषाणू विरळ होतो. आजाऱ्याची कॉट खिडकीशी घ्यावी. झोपताना शेजारच्या कॉटवर उशीची बाजू उलटी करावी, म्हणजे एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय येतात आणि दोन तोंडांमधले अंतर फुकटात बरेच वाढते. लष्करी बराकींतली ही जुनी रीत आहे. आजारी मुलाने खोलीत इतर असताना मुखपट्टी लावावी. पाण्याची बाटली, टॉवेल आणि मोबाइल त्याचा त्यालाच. मित्राचा ताप पाहायला कपाळाला हात लावला, तर नंतर साबणाने हात धुवावा. मैत्रीत काही कमी होत नाही.

कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहांना याहून अधिक करता येईल. मोठ्या वसतिगृहात जुलै ते सप्टेंबर दोन खोल्या रिकाम्या ठेवाव्यात, तापाच्या खोल्या म्हणून. तिथे काही यंत्रे लागत नाहीत. दोन कॉट, उघडणारी खिडकी, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, पाणी तापवायची किटली आणि दिवसातून दोनदा दारावर टकटक करणारे कुणीतरी इतके पुरे. मेसमधून मुगाची खिचडी किंवा पेज डब्यात घालून पोचवायचे काम राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आनंदाने करतील. एरवी त्यांना श्रमदानासाठी गावे शोधावी लागतात. पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सत्र सुरू होताच सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी फ्लूसारख्या लक्षणांसाठी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधला. तिथे थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, सॅनिटायझर असे साहित्य घातलेल्या पिशव्या विद्यार्थ्यांना फुकट वाटल्या गेल्या. आजारी मुलाला औषधाच्या दुकानापर्यंतही जावे लागू नये, इतका साधा विचार त्यामागे होता.

हात धुण्याचे आणि मुखपट्टीचे काय, असे वाचक विचारतील. करोनाच्या वर्षांत या दोन्हींचा इतका मारा झाला, की लोकांना त्यांचा वीट आला आहे. तरी पुरावा आहे तो सांगायला हवा. मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत २००६-०७ च्या फ्लूच्या हंगामात हजारावर विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काही वसतिगृहांना मुखपट्ट्या आणि हात स्वच्छ करण्याचे द्रावण दोन्ही दिले, काहींना नुसत्या मुखपट्ट्या, काहींना काहीच नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दोन्ही मिळालेल्या गटात फ्लूसारखा आजार काहीच न मिळालेल्यांपेक्षा ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी आढळला. नुसत्या मुखपट्टीच्या गटात तसा ठाम फरक दिसला नाही. चमत्कार नव्हे. पण चार रुग्णांमागे पाच नवे हा हिशेब आठवला, तर एवढा फरक साथ मोडायला पुरतो हे ध्यानात येईल.

साबण इतका साधा असून कामाला कसा येतो, हेही सांगितले पाहिजे. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. तेलकट ताट साबणाने निघते त्याच न्यायाने हे आवरण विरघळते आणि विषाणू निकामी होतो. दाराची कडी, बाक, जिन्याचा कठडा अशा टणक पृष्ठभागांवर तो एक-दोन दिवस टिकू शकतो. हातावर काही मिनिटेच. पण माणूस तेवढ्यात नाका-डोळ्यांना अनेकदा हात लावतो. आता कुठल्याही कॉलेजच्या स्वच्छतागृहात जाऊन पाहा. तीन बेसिनांपैकी एकाच्या नळाची चावी फिरत नाही, दुसऱ्याखाली बादली ठेवलेली असते. साबणाची भिंतीवरची डबी असते, आत तळाशी वाळलेला गुलाबी थर. आरशाशेजारी ‘हात स्वच्छ धुवा’ अशी पाटी असते. नॅकच्या समितीची भेट असते त्या आठवड्यात डबी भरलेली दिसते. कॉलेजच्या आरोग्याचा अंदाज घ्यायला आम्हाला तपासणी अहवाल नको. ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी ती डबी दाबून पाहावी.

अभ्यासिकांविषयी वेगळे लिहावे लागेल इतकी त्यांची अवस्था वाईट आहे. स्पर्धा परीक्षांची मुले दिवसाचे बारा-चौदा तास तिथे बसतात. दोन टेबलांमध्ये प्लायवूडची फळी असते, म्हणजे मुलांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, पण हवा मात्र सगळ्यांची एकच. एसी लावला की खिडक्या बंदच. कित्येक ठिकाणी रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्या खिळे मारून कायमच्या बंद केलेल्या असतात. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दोन टोकांच्या दोन खिडक्या तासातून दहा मिनिटे सताड उघडल्या आणि एक एक्झॉस्ट पंखा लावला, तरी फरक पडतो. विजेचे बिल थोडे वाढेल. फीदेखील कमी नसते.

ताप आला की काय करायचे, हे मुलांना प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवे, कारण एकटा राहणारा अठरा वर्षांचा मुलगा आजारपणात आईला फोन करतो आणि आई तीनशे किलोमीटरवर असते. साध्या फ्लूला विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरते. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. दुकानातून मागून घेतलेली पाच दिवसांची पट्टी अर्धवट खाऊन ठेवणे तर घातकच. ज्युनिअर कॉलेजातली मुले अठराच्या आतली असतात, त्यांना फ्लूमध्ये अॅस्पिरिन देऊ नये; यकृत आणि मेंदूवर दुर्मीळ पण गंभीर परिणाम होऊ शकतो. पावसाळ्यात तर ते कुणालाच नको, कारण ताप फ्लूचा आहे की डेंग्यूचा हे पहिल्या दिवशी कळत नाही, आणि डेंग्यूत अॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, ओठ-नखे निळसर होणे, गुंगी येणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दमा, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर अधिक गुण देते. रात्री अडीच वाजता यातले काही घडले तर फोन कुणाला करायचा, तो नंबर प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापलेला असावा.

राहिली लस. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दर वर्षी नव्याने बनते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, तिच्यात कोणते विषाणू असावेत हे सुचवते. महाराष्ट्रातली मोठी लाट पावसाळ्यातली असल्याने आपल्याला त्याआधी, एप्रिल ते जूनमध्ये टोचून घेतलेली लस उपयोगी. तिचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. विषाणूंशी मेळ चांगला बसला तर ती चाळीस ते साठ टक्के प्रकरणांत आजार टाळते, आणि झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता कमी करते. टोचल्यानंतर एखादा दिवस कणकण वाटते, पण टोचणीच्या लशीने फ्लू होत नाही. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. सरकारच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. गरोदर स्त्रियांसारख्या काही गटांना राज्य सरकार ती मोफत देत आले आहे. बाकीच्यांना खासगीत हजार-दोन हजार रुपये मोजावे लागतात. मेसचे पैसे महिन्याला जमवणाऱ्या मुलाला हे कसे परवडणार? सर्वांना लस टोचायची घोषणा कॉलेजांनी करू नये, ती पाळली जाणार नाही. दमा-मधुमेहाचे विद्यार्थी, साठीकडे झुकलेले कर्मचारी, गरोदर प्राध्यापिका आणि मेसचे कामगार यांची यादी करून तेवढ्यांची लस कॉलेजने किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संघाने उचलावी. बहुतेक कॉलेजांत ही यादी शंभराच्या आसपास थांबेल. ज्या शहरात १९५२ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था काम करते आहे आणि जिथे जगाला पुरतील इतक्या लशी बनतात, तिथल्या कॉलेजांना एवढे जड जाऊ नये.

कॉलेजे बंद करणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो बहुधा उशिरा येतो. बंदची नोटीस लागते तोवर विषाणू वर्गावर्गात पोचलेला असतो, आणि नोटीस लागताच तो एसटीच्या खिडकीशी बसून लातूर, परभणी, चिपळूणला घरी जातो. तिथे आजी असते, धाकटी भावंडे असतात. हाताबाहेर गेलेल्या साथीत बंदीला पर्याय नसतो हेही खरे, २००९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये तो नव्हता. पण दर वर्षीच्या फ्लूला तिथवर जाऊ द्यायचे कारण नाही.

यातले जवळपास सगळे पावसाआधी ठरवावे लागते. लशींची यादी एप्रिलमध्ये व्हायला हवी, रजेचा नियम प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेला हवा, कंत्राटात भरपगारी रजेचे कलम मे महिन्यात पडायला हवे. वसतिगृहाच्या रेक्टरांनी खोल्या वाटताना दोन किल्ल्या बाजूला काढून ठेवाव्यात. आणि पुरुषोत्तमच्या तालमी सुरू होण्याआधी एखाद्या सुताराला बोलावून तालमीच्या खोलीच्या आणि अभ्यासिकेच्या खिडक्यांचे खिळे काढून घ्यावेत, बिजागऱ्यांना तेल घालावे.